काचेच्या तळ्यातील भांडण

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक मत्स्यपेटी आहे. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ४० आणि उंची ४५. आठवीच्या मुलांनी तिचे घनफळ काढून भिंतीवर लिहून ठेवले आहे : १,६२,००० घन सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर १६२ लिटर पाणी. आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यातली. गावाला लागूनच जुना मालगुजारी तलाव आहे. त्यामुळे मासोळी ही वस्तू मुलांना नवी नाही. परंतु माशांचे सारे व्यवहार काचेतून, बाजूने, तासन् तास पाहायला मिळणे ही मात्र नवलाई होती.

एका हिवाळ्यात या पेटीत तीन नवे मासे आले. राखी अंग आणि त्यावर उभे काळे पट्टे. कैद्याच्या पट्टेदार कपड्यांसारखे दिसतात म्हणून या माशाला ‘कॉन्व्हिक्ट’ असे नाव पडले आहे. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी तिघांतल्या सर्वांत मोठ्या माशाने डाव्या कोपऱ्यातल्या दगडाखालची वाळू तोंडाने उपसून खड्डा केला आणि तो बाकीच्या दोघांवर धावून जाऊ लागला. त्यांतला एक मासा हवेच्या नळीमागे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, अंग चोरून उभा राहू लागला. त्याची शेपटी कात्रीने कातरल्यासारखी झाली. शनिवारी शाळा सुटली. सोमवारी सकाळी पाहतो तो हा मासा मरून तरंगत होता.

मुले संतापली. “सर, हा गुंड आहे. याला तलावात सोडून देऊ या,” एकजण म्हणाला. “तिथं तोही मोकळा राहील आणि इथंही शांतता होईल,” दुसरीने दुजोरा दिला.

सूचना चांगल्या मनाने केलेली होती, पण ती आम्ही मानली नाही. का मानली नाही, आणि त्याऐवजी काय केले, ते या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधू या. हा मासा खरोखरच गुंड होता काय?

सिक्लिडांचे कुळ

कॉन्व्हिक्ट हा सिक्लिड कुळातला मासा. मूळचा मध्य अमेरिकेतल्या नद्या-तळ्यांतला. या कुळाच्या सतराशेच्या आसपास जाती आज ज्ञात आहेत. आफ्रिकेतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया ही सरोवरे तर सिक्लिडांची माहेरघरेच. तुम्ही घरात किंवा दुकानात पाहिलेला चपटा, लांब परांचा एंजल मासा हाही सिक्लिडच. तो दक्षिण अमेरिकेतला. ऑस्करही त्याच खंडातला. भारतात मात्र मुळातल्या सिक्लिडांच्या तीनच जाती आहेत. केरळातला प्रसिद्ध करीमीन त्यांपैकी एक. गोव्यात त्याला कालुंदर म्हणतात. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या पाण्यात मात्र मुळात एकही सिक्लिड नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

सिक्लिडांचा मोठा गुण म्हणजे संततीची काळजी. पुष्कळसे मासे अंडी घालतात आणि निघून जातात. सिक्लिड तसे करीत नाहीत. काही जातींत नर व मादी दोघे मिळून अंड्यांवर पहारा करतात. काही जातींत मादी अंडी तोंडात घेऊन उबवते. आपल्या तलावांतली मरळ सिक्लिड नाही, पण तिचे उदाहरण तुमच्या ओळखीचे असेल. पावसाळ्यात पाण्याच्या वरच्या थरात तिच्या तांबूस पिलांचा थवा वळवळताना दिसतो आणि खाली तिचा पहारा असतो. अशा वेळी थव्याजवळ जाणाऱ्यावर ती धावून येते, हे तलावात उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याबद्दल मरळीला कोणी गुंड म्हणत नाही.

सिक्लिडांची भांडणे याच कारणासाठी होतात. अंडी घालायला सपाट दगड हवा किंवा वाळूतला खड्डा हवा. त्याभोवती थोडी मोकळी जागा हवी. मासा ही जागा आपली हद्द मानतो आणि तिच्यात शिरणाऱ्याला हुसकून लावतो.

लढाईचे नियम

या भांडणाला रीत असते. दोन नर समोरासमोर आले की आधी पर ताणून उभे करतात, कल्ल्यांवरची झाकणे फुगवतात, अंगावरचे रंग गडद करतात. मग एकमेकांना बाजू दाखवून आपण केवढे आहोत ते मिरवतात. शेपटीने पाण्याचा झोत समोरच्यावर मारतात. एवढ्यानेही निकाल लागला नाही तर जबड्यात जबडा अडकवून रेटारेटी होते. एकाने पर मिटले, रंग उतरवला आणि पळ काढला की लढाई संपली. विजयी मासा त्याला हद्दीबाहेर घालवून परत फिरतो. म्हणून मोकळ्या पाण्यात अशा भांडणात जीव जाण्याची वेळ सहसा येत नाही.

पुष्कळदा तर लढाईचीही गरज पडत नाही. मोझांबिक तिलापिया जातीचे नर आपल्या मूत्रातून गंधाचा निरोप पाठवतात. पोर्तुगालमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे की वरचढ नर मूत्र साठवून ठेवतो आणि प्रतिस्पर्ध्यासमोर ते थोडे थोडे सोडतो. त्यातील रसायनांवरून समोरच्याला त्याची पायरी कळते.

याहून नवलाचा प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. टांगानिका सरोवराच्या परिसरातील एका सिक्लिडाचे पाच नर त्यांनी घेतले. आपण त्यांना १ ते ५ असे क्रमांक देऊ. वेगळ्या कप्प्यातील सहाव्या माशाला, म्हणजे प्रेक्षकाला, त्यांनी चार लढती दाखविल्या. १ ने २ ला हरवले, २ ने ३ ला, ३ ने ४ ला आणि ४ ने ५ ला. २ आणि ४ यांची लढत त्याला कधीच दाखविली नव्हती. नंतर त्याच्या दोन बाजूंना २ आणि ४ यांना ठेवले, तेव्हा त्याने ४ ला दुबळा मानून त्याची बाजू पसंत केली. ‘अ हा ब पेक्षा मोठा, ब हा क पेक्षा मोठा, म्हणून अ हा क पेक्षा मोठा’ हे तुमच्या गणिताच्या पुस्तकातले अनुमान मासाही करतो, असा याचा अर्थ!

अशा रीतीने कळपात मानाची एक उतरंड तयार होते. कोंबड्यांत अशी उतरंड असते हे नॉर्वेतील थोर्लीफ शेल्डेरूप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारासच दाखवले होते. उतरंड ठरली की रोजची मारामारी कमी होते. कोणी कोणाला वाट द्यायची ते सर्वांना माहीत असते.

काच आडवी येते

मग आमच्या पेटीतला मासा मेला का? उत्तर त्या ९० सेंटिमीटरांत आहे. हरलेल्या माशाने पर मिटले, रंग उतरवला आणि तो पळाला. रीतीप्रमाणे त्याने सर्व काही केले. परंतु तलावात तो चार-पाच मीटर दूर जाऊन शेवाळात दिसेनासा झाला असता. पेटीत दोन शेपटीच्या फटकाऱ्यांत काच आली. तो विजयी माशाच्या डोळ्यांसमोरच राहिला. विजयी माशाच्या दृष्टीने शत्रू अजून हद्दीतच होता, म्हणून त्याने पुन्हा हल्ला केला. संपलेली लढाई अशी दिवसाला शेकडो वेळा सुरू होऊ शकते.

अशा वेळी हरलेल्याच्या शरीरात काय घडते ते पाहू. भीतीबरोबर ॲड्रिनॅलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. आपल्या शरीरात ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येतात. माशात हेच काम मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागातल्या पेशी करतात. रक्तातील साखर वाढते, श्वसन जलद होते आणि मासा पळण्यास सज्ज होतो. पाच मिनिटांच्या संकटात ही व्यवस्था जीव वाचवते. पण संकट दिवसेंदिवस टळलेच नाही तर तीच व्यवस्था घातक ठरते. कॉर्टिसॉल सतत चढे राहिले की रोगांशी लढण्याची शक्ती घटते, वाढ खुंटते, अन्नावरची वासना जाते. मग फाटलेल्या शेपटीवर बुरशी येते किंवा अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसू लागतो. मासा रोगाने मेला असे आपण म्हणतो, पण रोगाला दार ताणाने उघडलेले असते.

ताणलेला मासा ओळखता येतो. तो कोपऱ्यात किंवा पृष्ठभागाजवळ उभा असतो, पर मिटलेले असतात, कल्ल्यांची उघडझाप जलद असते, खाण्यासाठी तो पुढे येत नाही. ब्राझीलमधील संशोधकांना नाईल तिलापिया माशात आणखी एक खूण सापडली. पराभूत माशाचे डोळे काळसर होतात.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. माशाची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते. त्यातच वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर आधीच धापा टाकणाऱ्या माशाचा निभाव लागणे कठीण.

आम्ही काय केले

मुलांनी सात दिवस वही ठेवली. रोज त्याच वेळी दहा मिनिटे बसायचे आणि कोणी कोणावर, पेटीच्या कोणत्या भागात किती वेळा हल्ला केला त्याच्या रेघा मारायच्या. वहीवरून दोन गोष्टी लक्षात आल्या. बहुतेक हल्ले खड्ड्याच्या बाजूच्या अर्ध्या भागात होत होते. आणि दुसरा मासा दगडाआड असला की हल्ले जवळजवळ थांबत होते.

म्हणजे उपाय मुलांच्याच वहीत होता : नजर अडवायची. आम्ही सगळे मासे बादलीत काढले, फुटक्या माठाचे तुकडे, आडव्या केलेल्या दोन कुंड्या आणि चपटे दगड यांची संपूर्ण नवी मांडणी केली. पेटीच्या एका टोकापासून दुसरे टोक सरळ दिसणार नाही, अशा भिंती उभ्या केल्या. मांडणी बदलण्याचा दुसराही फायदा असतो. जुन्या हद्दीच्या खुणाच नाहीशा होतात आणि घरच्या मैदानावर खेळणाऱ्याचा वरचष्मा जातो. पेटीत नवा मासा सोडायचा असेल तेव्हाही हीच युक्ती करावी, आणि तो दिवा मालवल्यावर सोडावा.

दुसरी चूक होती संख्येची. तीन ही फार वाईट संख्या. एक मारणारा आणि मार वाटून घ्यायला दोनच. कॉन्व्हिक्टसारख्या जोडीने राहणाऱ्या माशांची एकच जोडी स्वतंत्र ठेवावी. एंजल ठेवायचे तर सहा-सात लहान पिले एकदम आणावीत, म्हणजे ती एकत्र वाढतात आणि आपापल्या जोड्या जमवतात. मलावी सरोवरातल्या भांडखोर सिक्लिडांचे शौकीन तर मोठ्या पेटीत मुद्दाम बरेच मासे ठेवतात. हल्ले अनेकांत वाटले गेले की एकाच्याच वाट्याला मरण येत नाही. परंतु माशांबरोबर त्यांची विष्ठाही वाढते, पाण्यात अमोनिया वाढतो. म्हणून गाळणी चांगली नसेल तर हा उपाय करू नये. तोंडात अंडी उबवणाऱ्या जातींत एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात.

अन्न एकाच जागी टाकू नये, दोन-तीन ठिकाणी टाकावे. पाणी बदलावे, पण एका वेळी थोडेच. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. ब्राझीलमध्येच नाईल तिलापियाच्या पिलांवर झालेल्या प्रयोगात पाणी बदलल्यावर मारामाऱ्या वाढल्याचे दिसले. पाण्यातला ओळखीचा गंध गेला की मानाची उतरंड पुन्हा ठरवावी लागते!

नवी मांडणी केली आणि आठवडाभरात वहीतल्या रेघा विरळ झाल्या. महिन्याभराने आश्चर्य घडले. उरलेल्या लहान माशाच्या पोटावर नारिंगी झाक दिसू लागली. ही कॉन्व्हिक्ट मादीची खूण. एका सकाळी कुंडीच्या आतल्या बाजूस बारीक अंडी चिकटलेली दिसली. मादी परांनी त्यांवर पाणी वारीत होती आणि कुंडीच्या तोंडाशी आमचा ‘गुंड’ पहारा करीत होता. ज्याने सूचना केली होती तोच मुलगा म्हणाला, “सर, हा तर बाप निघाला!”

लोरेन्झ यांची काच

पिले मोठी झाली आणि नर आता मादीलाच मारू लागला. यावरचा उपाय ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोन्राड लोरेन्झ यांच्या लेखनात सापडतो. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली त्यांना निकोलास टिंबर्गेन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आक्रमकतेवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात त्यांनी सिक्लिडांविषयी लिहिले आहे. जोडीला अगदी एकटे ठेवले तर नर मादीवर उलटतो. पण पेटीत मधोमध काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली तर प्रत्येकजण काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर राग काढतो आणि संसार सुखाचा होतो. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की पुन्हा घरात भांडण! मग काच पुसायची.

हे निरीक्षण मजेदार आहे, पण लोरेन्झ यांचे स्पष्टीकरण पुढच्या शास्त्रज्ञांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. बंबात वाफ साठावी तसा राग आत साठत जातो आणि तो कोठेतरी बाहेर पडावाच लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. आज आक्रमकतेची कारणे हद्द, जोडीदार, संप्रेरके, पूर्वानुभव आणि आजूबाजूची परिस्थिती यांत शोधतात. निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हा धडा यातून घेण्यासारखा आहे. आम्ही मधोमध काच घातली आणि मादीला पलीकडे विसावा दिला.

तलावात का नाही?

आता पिलांचे काय करायचे? शंभराच्या घरात होती. तलाव पुन्हा आठवला. नेमके त्याच वेळी तलावावर मासेमारी करणारे एक वृद्ध ढिवर शाळेत आले होते. मुलांनी त्यांनाच विचारले. त्यांनी पेटीत निरखून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “नाही जी मास्तर, तेवढं करू नका. चिलापी अशीच आली होती. आता जाळं टाकलं की तीच.”

चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया. हा आफ्रिकेतला सिक्लिड १९५२ साली भारतात मुद्दाम आणला गेला. भरभर वाढेल, गरिबाला स्वस्त मासळी मिळेल, असा हेतू होता. पण तो दोन-तीन महिन्यांतच प्रजननक्षम होतो, वर्षातून अनेकदा पिले देतो. तळे पिलांनी भरून जाते, अन्न पुरत नाही आणि मासा खुरटाच राहतो. वर नर उथळ पाण्यात खड्डे करून इतरांना हाकलतात. आज जगातील १०० सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. विदर्भाच्या तलावांतही तो पोचला आहे.

पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि १९५० नंतर मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आलेले. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात : माजी मालगुजारी. भातशेतीला पाणी त्यांचेच आणि ढिवरांची भाकरीही त्यांचीच. तलावांतली देशी मासळी घटण्याची कारणे अनेक आहेत. गाळ साचतो, शेतातली औषधे वाहून येतात, बेशरमाची झुडपे माजतात. शेजारच्या भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत ढिवर महिलांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. का? माशांना खायला आणि लपायला जागा मिळावी म्हणून. म्हणजे आम्ही माठाचे तुकडे घालून पेटीत जे केले, तेच त्यांनी एका अख्ख्या तलावात केले!

अशा तलावात आपण नवा भांडखोर पाहुणा का सोडावा? तो थंडीने मरेल अशीही आशा नको. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हेझलवूड औष्णिक वीजकेंद्राच्या कोमट पाण्याच्या तलावात कोणीतरी सोडलेल्या कॉन्व्हिक्ट माशांनी वस्ती केली होती. आपल्याकडे तर पाणी वर्षभर उबदार असते.

आमची काही पिले दुकानदाराने परत घेतली, काही दोन शाळांना दिली. त्यानंतर पेटीतल्या कुंड्या आडव्याच्या उभ्या केल्या. आता अंडी दिसताच आम्ही ती काढून टाकतो. पाळायचे तर ही जबाबदारीही घ्यावी लागते.

करून पाहा

तुमच्या शाळेत मत्स्यपेटी असेल तर आमच्यासारखीच वही घाला. एका माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती वेळा होते ते शांत असताना आणि हल्ल्यानंतर मोजा. पेटीत एक आडोसा वाढवा आणि हल्ल्यांची संख्या पुन्हा मोजा. काचेला बाहेरून आरसा लावला तर मासा स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून जातो. तेही पाहा, पण दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ नको, कारण आरशातला शत्रू कधीच हरत नाही. आणि एखादा मासा दुसऱ्याला छळताना दिसला, तर त्याला गुंड ठरवण्याआधी स्वतःला विचारा : हरलेल्याला पळायला आपण जागा ठेवली आहे का?